लिफ्ट केलेल्या जिम्नीला कोणता टायर आणि किती ऑफसेट: मोजून ठरवण्याची रीत

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या अनेकांनी तिला दीड-दोन इंचांचे लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंचावणारा स्प्रिंग वगैरेंचा संच, बसवून घेतले. किट बसले की पुढचा प्रश्न टायरचा असतो, आणि दुकानात त्याचे उत्तर बहुधा एका शब्दात मिळते: ‘बसतो.’ हे उत्तर खोटे नसते, पण ते अपुरे असते. सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून उभ्या असलेल्या गाडीला बसणारा टायर पूर्ण वळणात आणि स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना मोकळा फिरेलच असे नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या रिमा मी केवळ दिसण्यावरून घेतल्या होत्या. ताम्हिणीच्या पहिल्याच तीव्र वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासू लागला आणि घरी येईपर्यंत त्या लायनरचा एक कोपरा उरला नव्हता. त्यानंतर मी जी रीत पाळत आलो आहे ती येथे सविस्तर मांडतो. आकडे जिम्नीचे आहेत, पण रीत कोणत्याही लिफ्ट केलेल्या गाडीला लागू पडते.

या रीतीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम टायरचा व्यास ठरवायचा, मग त्या व्यासाला पुरेल एवढी लिफ्ट आणि बंप स्टॉप (ॲक्सलला ठरावीक उंचीवर थांबवणारा अडथळा), त्यानंतर रिमची रुंदी आणि सर्वात शेवटी ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते ठरवणारे माप. बहुतेक जण नेमके उलट करतात. रिम आधी आवडते, तिचा ऑफसेट जो असेल तो पदरी पडतो आणि मग टायर, लायनर, बंपर असे एकेक कापत जावे लागते.

गाडीवर आज काय आहे

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. यातील १९५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून एकूण व्यास काढता येतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात १५६ मिमीच्या दोन भिंती मिळवल्या की ६९३ मिमी होतात. मूळ रिम साडेपाच इंच रुंद असून तिचा ऑफसेट अधिक ५ मिमी आहे. पाच नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १३९.७ मिमी आहे आणि मधले भोक १०८ मिमीचे आहे. जुन्या जिप्सीचा पीसीडीही हाच असल्याने जिप्सीसाठी बनलेल्या रिमांचा बाजार जिम्नीच्या मालकांना आयता मिळाला.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेषा आहे असे समजावे. हबला, म्हणजे चाक ज्यावर नटांनी आवळतात त्या भागाला, टेकणारा रिमचा पृष्ठभाग त्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे, आणि बरोबर रेषेवर असेल तर शून्य. ऑफसेट जितका कमी, म्हणजे अधिकाकडून उण्याकडे जितका सरकलेला, तितके चाक गाडीच्या बाहेर येते. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा कोरलेला असतो. तो स्वतः वाचावा, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये.

व्यास किती वाढवायचा

जिम्नीसाठी प्रामुख्याने दोन मापांचा विचार होतो. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०४ मिमी येतो, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम १० मिमी अधिक. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिमी, म्हणजे ४० मिमी अधिक. हे आकडे गणिताचे आहेत. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांत, विशेषतः खोल नक्षीच्या मड टायरात, काही मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणून निवडलेल्या टायरच्या माहितीपत्रकातला प्रत्यक्ष व्यास पाहून घ्यावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जिम्नीचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही ॲक्सल अखंड आहेत, म्हणजे डावे आणि उजवे चाक एकाच सलग आसावर बसते. लिफ्ट किटमुळे चॅसी आणि बॉडी वर जाते, पण ॲक्सल आणि त्यावरचा डिफरन्शिअलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा जागच्या जागी राहतो, कारण तो चाकांवर तोललेला असतो. त्यामुळे दोन इंचांची लिफ्ट बसवल्यावरही गोळ्याखालचे अंतर तसूभर वाढत नाही. ते वाढवते फक्त टायरची त्रिज्या: ७३३.५ मिमीच्या टायरने साधारण २० मिमी, आणि ७०४ मिमीच्या टायरने अवघे ५ मिमी. लिफ्टचा खरा लाभ पोटाला मिळतो. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर, २,५९० मिमी असल्याने तिचा मधला कोन, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन, २४ अंशांचाच आहे आणि बांध ओलांडताना पोट टेकण्याचा धोका तीन दारांच्या जिम्नीपेक्षा अधिक असतो. तेव्हा आपली गाडी नेमकी कुठे अडते हे आधी पाहावे. पोट अडत असेल तर लिफ्ट पुरेशी आहे, टायर मोठा घेण्याची घाई नको. चाकोरीतल्या मधल्या उंचवट्यावर गोळा घासत असेल तर टायरच हवा.

२०२० नंतरच्या थारची गोष्ट निराळी आहे. तिचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने पुढचा गोळा चॅसीला बांधलेला असतो आणि लिफ्टबरोबर वर जातो. मात्र त्याची किंमत ॲक्सलच्या सांध्यांना वाढलेल्या कोनाच्या रूपाने चुकवावी लागते.

मोठ्या टायरचे ओझे इंजिनावर पडते हेही हिशेबात धरावे. ७३३.५ मिमीच्या टायरने गाडीचे एकूण गिअरिंग सुमारे पावणेसहा टक्के उंच होते. जिम्नीच्या १३४ न्यूटन मीटर टॉर्कचा जमिनीवरचा परिणाम जणू १२७ वर येतो, आणि हे वाढलेले वजन सोडून. भरलेल्या गाडीने घाट चढताना चौथ्यातून तिसऱ्यात येण्याची वेळ लवकर येते. स्पीडोमीटर जुन्या व्यासाप्रमाणे मोजत राहतो, त्यामुळे पूर्वी खऱ्या ८० ला तो जे दाखवत असे तेच तो आता ८४-८५ ला दाखवतो. ओडोमीटरही तितक्याच प्रमाणात कमी किलोमीटर नोंदवतो. म्हणून मोठे टायर टाकल्यावर ‘ॲव्हरेज फारच पडले’ अशी तक्रार करण्यापूर्वी नोंदलेल्या किलोमीटरांना १.०५८ ने गुणून पाहावे. तक्रार थोडी तरी निवळते.

माझे मत विचाराल तर रोज शहरात आणि महिन्यातून एकदा वाटेवर जाणाऱ्या गाडीला २१५/७५ पुरतो, आणि त्यासाठी मूळ रिम बदलण्याचीही गरज नसते. पुढची सगळी खटपट २३५ घेणाऱ्यांसाठी आहे.

लिफ्टने चाकाची जागा खरोखर किती वाढते

लिफ्ट केल्यावर उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यात हात जाईल एवढी फट दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण स्प्रिंग पूर्ण दबल्यावर ॲक्सल कुठे थांबेल हे स्प्रिंग ठरवत नाही, ते बंप स्टॉप ठरवतो. बंप स्टॉप मूळचाच राहिला असेल तर खड्ड्यात आपटल्यावर ॲक्सल पूर्वी जिथवर वर येत होता तिथवरच येणार, आणि त्यावरचा टायर आता २० मिमी अधिक त्रिज्येचा आहे. म्हणजे दोन इंचांची लिफ्ट असूनही सर्वात वाईट क्षणी मडगार्डमधली जागा २० मिमीने घटलेलीच असते. म्हणून त्रिज्येतील वाढीइतका, आणि शक्य तर थोडा जास्त, स्पेसर, म्हणजे जाडी वाढवणारा ठोकळा, बंप स्टॉपखाली द्यावा. किटमध्ये हे स्पेसर आहेत की नाही हे आधी विचारावे. पुष्कळ स्वस्त किटांत ते नसतात.

अखंड ॲक्सलच्या गाडीत आणखी एक बारकावा आहे. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा त्याचे एक टोक चॅसीला जोडतो. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. गाडी वर उचलली की हा दांडा अधिक तिरपा होतो आणि ॲक्सलला थोडे एका बाजूला ओढतो. परिणामी एका बाजूचे चाक बाहेर, दुसऱ्या बाजूचे आत जाते. लांबी जुळवता येणारा दांडा बसवून ॲक्सल मधोमध आणल्याशिवाय ऑफसेटची मोजणी सुरूच करू नये, कारण डावीकडे जमलेले माप उजवीकडे चुकेल. याच वेळी पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोनही, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला झुकाव, तपासून घ्यावा. लिफ्टने तो कमी होतो, स्टिअरिंग हलके पण भरकटणारे होते आणि वळणानंतर आपोआप सरळ येण्यात आळस करते. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश (सांध्यात बसणारी नळकांडी) मिळतात.

रुंदी आणि ऑफसेट यांचे गणित

हबच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापासून टायरची आतली कड किती आत आणि बाहेरची कड किती बाहेर, एवढे दोन आकडे काढले की निम्मा निर्णय झाला. टायरच्या निम्म्या रुंदीत ऑफसेट मिळवला की आतले अंतर येते, वजा केला की बाहेरचे. ऑफसेट उणे असेल तर चिन्ह सांभाळावे. मूळ गाडीत निम्मी रुंदी ९७.५ मिमी, ऑफसेट अधिक ५. म्हणजे आत १०२.५ आणि बाहेर ९२.५.

टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. २३५/७५ साठी ती रिम साडेसहा इंचांची असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर सुमारे ५ मिमीने रुंद होतो, अरुंद केली की तितकाच आक्रसतो. म्हणजे हाच टायर सात इंची रिमवर २४० आणि सहा इंची रिमवर २३० धरावा. या टायरला सहा इंचांखालची रिम चालत नाही, म्हणून मूळ साडेपाच इंची रिम येथे बाद होते.

आता तीन पर्याय तपासू. सात इंची, शून्य ऑफसेटची रिम घेतली तर आत १२० आणि बाहेर १२०, म्हणजे मूळपेक्षा आत १७.५ आणि बाहेर २७.५ मिमी अधिक. सहा इंची, उणे १० ची रिम घेतली तर आत १०५, बाहेर १२५. आत अवघे अडीच मिमी अधिक, बाहेर ३२.५ अधिक. आणि बाजारात जिचा फार बोलबाला आहे ती सात इंची, उणे २५ ची रिम घेतली तर आत ९५, म्हणजे मूळपेक्षाही मोकळे, पण बाहेर १४५, म्हणजे ५२.५ मिमी अधिक. दोन्ही बाजू मिळून गाडी चाकांपाशी १०५ मिमी रुंद झाली.

तिसरा पर्याय दिसायला रुबाबदार असतो, यात शंका नाही. पण चाक जितके बाहेर जाते तितका मोठा तरफेसारखा भार बेअरिंगवर आणि किंगपिनवर पडतो. शिवाय वळताना चाक किंगपिनभोवती फिरते. त्या अक्षापासून टायर जितका दूर, तितका त्याच्या फिरण्याचा घेर मोठा. म्हणून आत काहीही न घासणारा टायर पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे मडगार्डच्या खालच्या कडेला जाऊन भिडतो. जिम्नीच्या जातीच्या गाड्यांत ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडण्याची जुनी खोड आहे. झिजलेल्या किंगपिन बेअरिंगला जड, बाहेर काढलेल्या चाकांची आणि कमी कॅस्टरची जोड मिळाली की ही खोड बळावते. चाकांनी उडवलेला चिखल दारांवर आणि आरशांवर येतो तो वेगळाच. अशा वेळी मूळ रिमच्या मागे स्पेसर घालून भागवावे असेही सुचवले जाते. त्याचा तरफेवरचा परिणाम तोच, आणि नटांचा एक जोड अधिक वाढतो, म्हणून मी ते टाळतो.

तेव्हा नियम असा ठेवावा: आतल्या बाजूला सुरक्षित फट राहील इतपतच चाक बाहेर काढावे, एक मिलिमीटरही अधिक नाही. ती फट किती हे गणित सांगत नाही, गाडी सांगते.

गाडीवर मोजणे

सपाट जागा, दोन जॅक, गवंड्याचा ओळंबा, खडू, फुटपट्टी आणि मुठीएवढी घट्ट मळलेली कणीक एवढे साहित्य पुरते. कणीक कशाला, हे पुढे कळेल.

प्रथम मडगार्डच्या सर्वात वरच्या बिंदूवरून ओळंबा सोडावा आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. टायर दोरीच्या किती आत आहे, हे यातून कळते. नव्या पर्यायात बाहेरची कड जितकी वाढणार ते अंतर यातून वजा केले की टायर बॉडीच्या आत राहतो की बाहेर डोकावतो ते स्पष्ट होते. चारही चाकांपाशी मोजावे. डावा-उजवा फरक ५ मिमीपेक्षा अधिक आला तर पॅनहार्ड रॉडकडे परत जावे.

मग स्टिअरिंग एका बाजूला टोकापर्यंत वळवून टायरची आतली मागची कड आणि ॲक्सलला धरून ठेवणारा लांब हात, म्हणजे रेडियस आर्म, यांच्यातील अंतर पाहावे. रुंद टायर जिम्नीत सर्वात आधी येथेच घासतो. स्टिअरिंग नकलवरचा, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागावरचा, स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढून वळण मर्यादित करता येते, पण त्याने गाडीचा ५.७ मीटरचा वळण-त्रिज्येचा आकडा वाढतो आणि घाटातल्या हेअरपिन वळणाला एका दमात वळणारी गाडी मागे-पुढे घ्यावी लागते.

आता कणकेची पाळी. ज्या ठिकाणी डोळा पोहोचत नाही, म्हणजे मडगार्डच्या छताला, स्प्रिंगच्या तबकडीच्या बाजूला आणि लायनरच्या पुढच्या कोपऱ्यात, कणकेचे लिंबाएवढे गोळे चिकटवावे. नंतर पुढचे एक चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे चाक उंचवट्यावर चढवून गाडी तिरकी उभी करावी आणि सावकाश स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे. गाडी खाली घेऊन गोळे काढले की त्यांची चपटी झालेली जाडी हेच तिथले शिल्लक अंतर. एक गोळा कागदासारखा पातळ निघाला आणि त्यावर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला, तर कुठे कापायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. धातूच्या भागांपासून किमान १० मिमी आणि ब्रेकच्या नळीपासून त्याहून अधिक अंतर मी सोडतो, कारण चालत्या गाडीत बुश दबतात आणि टायरही वाकतो. ही कसरत शक्यतो उसन्या आणलेल्या, निवडलेल्या मापाच्या एका टायर-रिमवर करावी.

खरेदी आणि जोडणी

टायर घेताना रुंदीइतकेच भार निर्देशांकाकडे पाहावे. तो मूळ टायरपेक्षा कमी नसावा. निर्देशांक ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. वेगाचे अक्षर ‘क्यू’ असेल तर मर्यादा ताशी १६० किमी. नक्षीबाबत थोडक्यात एवढेच, की मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत ऑल-टेरेन टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत लिंपून जातात आणि तिथे मड टायरला पर्याय नाही. पण कोकणात जांभ्याच्या धारदार कडांपुढे नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीची जाडी अधिक कामाला येते. ज्याचा नव्वद टक्के प्रवास डांबरावर आहे त्याने मड टायरचा घोंगावणारा आवाज आणि ओल्या रस्त्यावरची त्याची कमजोर पकड विकत घेऊ नये.

रिम घेताना मधले भोक हबवर नेमके बसते का, नटाची तिरपी बैठक रिमच्या बैठकीशी जुळते का आणि ब्रेकचा कॅलिपर मोकळा राहतो का हे पाहावे. टायर-रिमची जोडी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून जुन्या जोडीशी तुलना करावी. हा फरक बहुतेक जण कधीच पाहत नाहीत, आणि ब्रेक, शॉक, इंजिन यांना तो रोज जाणवतो. स्टेपनी विसरू नये. ती मागच्या दारावर टांगलेली असल्याने मोठी, जड आणि वेगळ्या ऑफसेटची स्टेपनी दाराच्या बिजागरीवर भार टाकते आणि खाली बंपरला टेकू शकते. पण चार चाके एका व्यासाची आणि स्टेपनी जुन्या मापाची ठेवणे हे फोर-बाय-फोर गुंतवलेल्या गाडीत गिअरबॉक्सवर अत्याचार करणे आहे.

कायद्याची बाजू खरेदीपूर्वीच पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. बॉडीबाहेर डोकावणारे टायर रस्त्यावर सर्वात आधी नजरेत येतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवून त्यांचे उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर सर्वेक्षक सर्वप्रथम चाकांकडेच पाहतो.

जोडणीनंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. नट गनने आवळून सोडू नयेत, मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे टॉर्क पान्याने, एकाआड एक असे आवळावे आणि ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासावे. नव्या रिमवरचा रंग दबल्याने नट थोडे सैल पडतात. हवेचा दाब दारावरच्या पट्टीवरून थेट उचलू नये, कारण ती पट्टी मूळ टायरसाठी आहे. टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढून सरळ रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर गाडी चालवावी. रेघ मधोमध आधी पुसली तर हवा जास्त आहे, कडांना आधी पुसली तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत सर्वत्र सारखी पुसेपर्यंत हे करावे आणि तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. पहिल्या लांब फेरीनंतर लायनरवर आणि रेडियस आर्मवर हात फिरवून ताजे काळे ओरखडे आहेत का ते पाहावे. असतील, तर पुन्हा कणीक मळावी.